कुजबुज नव्हे, पुटपुट नव्हे. मग कुणकुण म्हणता येईल का?

मथळेवाली

नमस्कार मंडळी. मी चित्रपट आणि मालिकांसाठी मराठी उपशीर्षकं लिहिते. ज्यांना ऐकू येत नाही अशा प्रेक्षकांसाठीची. त्यात संवादांबरोबर आवाजही शब्दांत सांगावे लागतात: [दार करकरतं], [पावसाची रिपरिप], [सुकलेल्या पानांची सळसळ]. अकरा वर्षं हे काम करतेय. आवाजांच्या बाबतीत मराठी इतकी भरलेली आहे की चार शब्दांतला नेमका एक उचलणं एवढंच बहुतेक वेळा माझं काम असतं. या वेळी मात्र हातात पंधरा शब्द आहेत आणि एकही बसत नाहीये.

दृश्य असं आहे. आठ-नऊ वर्षांची मुलगी अंधारात अंथरुणावर पडलीय, डोळे टक्क उघडे. शेजारच्या खोलीचं दार बंद. पलीकडे आई-बाबा बोलताहेत. आवाज दोन आहेत एवढं कळतं. एक खर्जातला, एक त्याहून वरचा. मधे थांबतात, परत सुरू होतात. शब्द एकही कळत नाही. बावीस सेकंद हे चालतं आणि मग बोलणं थांबतं.

मी लिहिलं होतं: [शेजारच्या खोलीतून कुजबुज].

आमचा कच्चा मसुदा एक गृहस्थ पाहून देतात. नवव्या वर्षी आजारपणात त्यांचं ऐकणं गेलं, त्यामुळे आवाज कसा असतो ते त्यांना आठवतं. दृश्य पाहून त्यांनी मला लिहून विचारलं, "आई-बाबा मुलीपासून काय लपवताहेत?"

काहीच लपवत नाहीयेत हो ते! नेहमीच्या आवाजात बोलताहेत, फक्त मधे दार आहे. माझ्या एका शब्दाने त्या दोघांना कटात बसवलं, आणि पुढची वीस मिनिटं ते गृहस्थ त्या गुपिताची वाट बघत राहिले. मला फार वाईट वाटलं. त्यांच्यापाशी पडताळून बघायला दुसरा काही मार्गच नाही. मी जे लिहीन तोच त्यांचा आवाज.

मग एकेक शब्द लावून पाहिला. पुटपुट एकट्याची असते, ओठातल्या ओठात. दोघं मिळून पुटपुटत नाहीत. गुणगुण म्हटलं की त्यात सूर आला. भुणभुण म्हणजे कोणीतरी मागे लागलंय. कुरकुर ही तक्रार, कुरबुर म्हणजे दोघांत थोडं बिनसलंय, धुसफूस म्हणजे बरंच बिनसलंय. खुसखुस लिहिलं तर हसू आलं. हितगुज किती गोड शब्द, पण त्यात जवळीक आहे, आवाज नाहीच. गलका आणि गजबज यांना माणसं जास्त लागतात.

म्हणजे बघा, मराठीतला प्रत्येक शब्द बोलणाऱ्याच्या पोटातलं आधीच सांगून टाकतो. कोण बोलतंय, कशासाठी, रागाने की लाडाने, सगळं. मला हवाय तो आवाज मुळात हळू नाहीये. तो पोचताना हळू झालाय.

शेवटी एका शब्दापाशी येऊन थांबलेय: कुणकुण. आजी म्हणायची, "पलीकडे काहीतरी कुणकुण चाललीय." आता मात्र आपण सगळे फक्त "कुणकुण लागली" म्हणतो, म्हणजे बातमीचा वास आला. हा शब्द मुळात आवाजाचा ना? कुठून आला? आणि [कुणकुण] लिहिलं तर आज वाचणाऱ्याला आवाज दिसेल की बातमी? जाणकारांनी कृपया सांगावं.

दूर्वांकुर

मथळेवाली ताई, प्रश्न फार आवडला. मी तीस वर्षे संस्कृत शिकवले, आता निवृत्त आहे. तुमच्या प्रश्नाला थेट उत्तर देण्याआधी थोडे मागे जाऊ द्या.

तुम्ही शोधता आहात ती अस्पष्टता अमरकोशात, म्हणजे अमरसिंहाच्या जुन्या संस्कृत शब्दकोशात, आहे. "ध्वनौ तु मधुरास्फुटे कलः", म्हणजे जो ध्वनी मधुर आहे आणि अस्फुट आहे तो कल. अस्फुट म्हणजे न उमललेला. अक्षरे सुटी झालेली नाहीत असा. त्याहून सूक्ष्म ती काकली, गंभीर तो मन्द्र, फार उंच तो तार. कलरव हा शब्द आपण पक्ष्यांसाठी वापरतो तो याच 'कल'चा. पक्षी बोलतात हे कळते, काय बोलतात हे कळत नाही.

आता गंमत पाहा. हाच कल दोनदा म्हटला की अर्थ उलटतो. "कोलाहलः कलकलः" असे अमरच सांगतो. एक कल म्हणजे गोड आणि अस्पष्ट, कलकल म्हणजे गोंगाट. मराठीने कलकलाट घेतला आणि एकटा कल कवितेपुरता ठेवला. मला याची नेहमी हळहळ वाटते.

आणि तुमच्या कामाशी जवळची गोष्ट सांगते. संस्कृत नाटकांत कंसातल्या सूचना असतात, त्यांतली एक म्हणजे "नेपथ्ये कलकलः". पडद्यामागे गलबला होतो आहे, शब्द कळत नाहीत, रंगमंचावरची पात्रे थबकून ऐकताहेत. तुम्ही चौकटी कंसात जे लिहिता तेच ना हे? शिवाय "आत्मगतम्", म्हणजे स्वगत, आहे, "अपवार्य" आहे, "जनान्तिकम्" आहे. शेवटच्या दोहोंत बोलणे इतरांना ऐकू जात नाही असे मानायचे असते, प्रेक्षकांना मात्र स्पष्ट ऐकू येते. हळू आवाजाचे इतके बारीक हिशेब नाटकवाल्यांनी फार पूर्वी मांडून ठेवले आहेत.

दुसरा शब्द मर्मर. "मर्मरः स्वनिते वस्त्रपर्णानाम्", वस्त्रांचा आणि पानांचा आवाज तो मर्मर. दागिन्यांचा तो शिञ्जित. कालिदासाने रघुवंशाच्या चौथ्या सर्गात भूर्जपत्रांत मर्मरणारे वारे आणले आहेत. लॅटिनमध्ये मुर्मुर आहे, ग्रीकमध्ये उकळत्या, खळाळत्या पाण्यासाठी मोर्मुरो आहे, जर्मनमध्ये मुर्मेल्न आहे. म आणि र यांची जोडी दोनदा म्हणायची, ओठ मिटून सुरुवात करायची, की तो आवाज आपोआप होतो. मात्र याचा 'मर्म'शी काही संबंध नाही. मर्म हा 'मृ' धातूवरून, जिथे घाव बसला की मरण ती जागा. संगमरवरातला मरमर तर तिसराच. तो फारसीतून आला, त्याच्या मागे ग्रीक 'मार्मारोस' आहे, चकाकणारा दगड.

कुणकुणीबद्दल: धातुपाठात, म्हणजे संस्कृत क्रियापदांच्या मूळ धातूंच्या यादीत, एक सुंदर ओळ आहे, "अण रण वण भण मण कण क्वण व्रण भ्रण ध्वण शब्दार्थाः". दहा धातू, सगळे ण्-कारान्त, सगळ्यांचा अर्थ एकच, आवाज करणे. विद्यार्थ्यांना ही ओळ म्हणायला लावली की वर्गात घंटा वाजल्यासारखे व्हायचे. 'कुण' हाही धातू आहे, सहाव्या गणात म्हणजे गटात, त्याचाही एक अर्थ आवाज. म्हणून कुणकुण त्यातूनच निघाली असे मी म्हणणार नाही. कानाने आधी ण ऐकला, वैयाकरणांनी मागाहून यादी केली. पण यादीतल्या 'भण'कडे पाहा. प्राकृतातून येता येता त्याचे आपले 'म्हणणे' झाले. रोज शंभरदा आपण "मी म्हणतो", "ती म्हणाली" म्हणतो, तो शब्द या घंटानादातून आलेला आहे.

मथळेवाली

दूर्वांकुर ताई, "अस्फुट म्हणजे न उमललेला" हे वाचून दोन मिनिटं नुसती बसून राहिले. [अस्फुट आवाज] लिहून पाहिलं. अर्थ अगदी नेमका आहे. पण माझे वाचक हे अक्षरं पडद्यावरून सरकत असताना वाचतात. बऱ्याच जणांची पहिली भाषा खुणांची आहे, मराठी दुसरी. अस्फुटवर डोळा अडला की तेवढ्यात मुलीचा चेहरा निसटतो.

'मर्मर' तर मी अनेकदा लिहिलाय, पानांसाठीच. माणसांच्या बोलण्यासाठी लावला तर ते दोघं झाडं होतील.

पांढरा_कोट

मर्मर वाचून राहवलं नाही म्हणून लिहिते. मी परिचारिका आहे. आमच्याकडे तो शब्द हृदयाच्या आवाजासाठी आहे. स्टेथोस्कोप कानाला लावला की लब्-डब् असे दोन सुटे ठोके येतात. झडपेतून रक्त जाताना भोवरे उठले की त्या दोन ठोक्यांच्या मधे फुस्स् असा लांबट आवाज भरतो, ती मर्मर. १८१६ साली लाएनेक या फ्रेंच डॉक्टरांनी कागदाची सुरळी करून रुग्णाच्या छातीला लावली, तिथून ही नळी सुरू झाली.

सांगायचं हे की लहान मुलांमध्ये मर्मर पुष्कळदा निर्धोक असते, पण "मर्मर आहे" म्हटलं की आईबापांचा चेहरा पांढरा पडतो. त्यांना त्यात मर्म ऐकू येतं, मर्मावर घाव वगैरे. दूर्वांकुर ताईंनी संबंध नाही हे सांगितलं ते मी आता लोकांना सांगणार आहे. आणि दुसरं, तुमच्या दृश्यात जे चाललंय ते मी रोज बघते. पडद्याच्या आड डॉक्टर नेहमीच्या आवाजात बोलतात आणि अलीकडचा रुग्ण नुसता सूर ऐकून ठरवतो की बातमी वाईट आहे.

खालचा_सा

ध्वनिमुद्रण करतो. तुमचा पहिला शब्द दुसऱ्याही कारणाने चूक होता.

कुजबुजताना स्वरतंतू कंप पावत नाहीत. नुसती हवा. म्हणजे आवाजाचा खालचा भाग, खर्ज, नसतोच. आणि बंद दार किंवा भिंत अडवते ती मुख्यतः वरच्या पट्टीचा भाग. खालचा भाग पलीकडे जातो. म्हणून खरी कुजबुज बंद दाराच्या पलीकडे जवळजवळ पोचतच नाही. पोचतं ते नेहमीचं बोलणं.

पुरुषाच्या आवाजाचा पाया साधारण १०० ते १३० हर्ट्झ, बाईचा २००च्या आसपास. हे दारातून येतं. स्वरांचा बराचसा जोर १००० हर्ट्झच्या खाली, तोही थोडा येतो. स, श, च, त यांची ओळख पटते ती वरच्या भागात, 'स'ची तर ४०००च्याही वर. ते सगळं दारात राहतं. शब्द ओळखायचे व्यंजनांवरून, आणि व्यंजनंच कापली गेली. उरतो चढउतार, लय, थांबे. कोण बोलतंय ते कळतं, कसं बोलतंय ते कळतं, काय बोलतंय ते नाही.

स्टुडिओत आम्ही हेच करतो. दोन नटांकडून साधं बोलणं रेकॉर्ड करतो आणि वरच्या फ्रिक्वेन्सी कापतो. झालं 'दाराआड'. नटांना हळू बोलायला सांगितलं की खोटं वाटतं. गर्दीच्या अस्पष्ट बोलण्याला अमेरिकन रेडिओवाल्यांनी 'वाला' नाव दिलं, कारण नट मागे उभे राहून "वाला वाला" म्हणत. इंग्रजी रंगभूमीवर "रुबार्ब रुबार्ब" म्हणत. अर्थ नाही, नुसता बोलण्याचा आकार. तुमच्या दृश्यातही तेच उरलंय, आकार.

मथळेवाली

खालचा_सा, हे वाचून मी दृश्य पुन्हा लावलं. या वेळी हेडफोन काढून स्पीकरवर, आणि खोलीबाहेर जाऊन, दार ओढून घेऊन ऐकलं. अकरा वर्षांत हे मी कधी केलं नव्हतं. खरंच, 'स' कुठेच नाही. वडिलांचा आवाज येतो तो जवळजवळ नुसता म् म् असा, आईचा थोडा उघडा, आ-ए सारखा. एका जागी आई दोनदा एकच चढ घेते आणि मला पक्कं वाटलं की ती प्रश्न विचारतेय. कशावरून? शब्द तर नव्हताच.

मुलीला एवढंच मिळतंय. आणि मी प्रेक्षकाला "कुजबुज" देऊन मुलीपेक्षा जास्तही दिलं होतं आणि कमीही.

अनुस्वार

मी भाषाविज्ञानाची विद्यार्थिनी आहे. मॅडम, तुमच्या यादीतले बहुतेक शब्द अनुकरणवाचक अभ्यस्त, म्हणजे आवाजाची नक्कल करत दोनदा म्हटलेले, आहेत हे खरंय, पण मला वाटतं उत्तर शब्दात नाही, वाक्यात आहे. कर्ता कोण ते बघा. "ते कुजबुजले", "तो पुटपुटला", "ती गुणगुणली": बोलणारा कर्ता. आता "मला कुणकुण लागली". इथे ऐकणारा आला, तोही 'ला' घेऊन. "तिने मला कुणकुण लागली" असं म्हणताच येत नाही. तुमच्या आजींचं "कुणकुण चाललीय" हे पहिल्या जातीचं, आताचं "लागली" हे दुसऱ्या. बाकीचे शब्द तोंडाशी राहिले, हा एक कानाशी येऊन बसला. मला वाटतं म्हणूनच त्याला बातमीचा अर्थ चिकटला असेल, कारण अर्धवट ऐकलेलं माणूस मनात पुरं करतोच.

मथळेवाली

अनुस्वार, बाळा, तू गाठ सोडवलीस. रात्रभर 'लागणे' हा एकच शब्द डोक्यात होता.

चाहूल लागते. सुगावा लागतो. वास लागतो, पत्ता लागतो, मागमूस लागत नाही. सगळीकडे समोरचं धड दिसत-ऐकू येत नाहीये आणि तरी काहीतरी येऊन आपल्याला टेकलंय. चाहूल तर मी विसरूनच गेले होते! तीही हळू, अस्पष्ट, आणि तीसुद्धा ऐकणाऱ्याची. चालणारा चाहूल करत नाही, आपल्याला ती लागते. दृश्यात कोणी चालत असतं तर प्रश्नच मिटला असता. आणि कानोसा. कान या अवयवावरूनच निघालेला शब्द, बोलणाऱ्याचा त्यात काही भागच नाही. मुलगी ते बावीस सेकंद कानोसाच घेतेय. म्हणजे मराठीत ऐकणाऱ्याच्या बाजूचे शब्द आहेत. मी सगळा वेळ दाराच्या चुकीच्या बाजूला उभी राहून शोधत होते.

मग पहाटे आठवलं ते हे: आपण वाईट हस्ताक्षराबद्दल म्हणतो, "अक्षर लागत नाही." लिहिलेलं समोर आहे, शाई दिसतेय, वळणं दिसताहेत, कोणी लिहिलंय तेही ओळखू येतंय. फक्त लागत नाही. वडिलांची पत्रं अशी असत. आई ती उजेडाकडे धरून वाचायची आणि मधेच म्हणायची, "इथलं लागत नाही गं, पण बरा आहे तो." पत्र लागलं नव्हतं तरी तिला बरा आहे हे कळलेलं असायचं. दाराआडचा आवाज अगदी तसाच आहे.

[कुणकुण] मी टाकणार नाही. चार ओळखीच्यांना वाचायला दिलं, चौघांनी बातमीचाच अर्थ घेतला. आजीबरोबर तो अर्थ गेला, निदान पडद्यावर दोन सेकंदांत समजण्यापुरता तरी.

आता असं लिहिलंय:

[बंद दाराआड आई-बाबा बोलताहेत]
[शब्द लागत नाहीत]

दुसरी ओळ पहिलीनंतर चार सेकंदांनी येते, मुलगी मान वळवते तेव्हा. आधी दोन्ही एकत्र दिल्या होत्या, पण मग तिने कान देण्याच्या आधीच प्रेक्षकाला कळत होतं की काही कळणार नाहीये.

दूर्वांकुर

'लागत नाहीत' फार चांगले. आम्ही श्लोकाबद्दलही हेच म्हणत असू, "अन्वय लागत नाही." एक शंका. आईच्या त्या दोन चढांचे काय? ते प्रश्न आहेत असे तुम्हाला ऐकू आले. प्रेक्षकाला ते मिळायला हवे ना?

मथळेवाली

ताई, त्यावर कालचा अख्खा दिवस गेला. [आई काहीतरी विचारते] लिहिलं तर ते माझं अनुमान होतं. मुलीला तसं वाटलं की नाही, मला काय माहीत. शेवटी [आईचा आवाज चढतो] आणि थोड्या वेळाने [पुन्हा चढतो] एवढंच ठेवलं. चढतो म्हटलं की काही जण राग वाचतील ही भीती आहे, पण 'वर जातो' लिहिलं तर लिफ्ट वाटते. कोणाला याहून बरं सुचलं तर सांगा, मसुदा शुक्रवारपर्यंत माझ्याकडे आहे.

खालचा_सा

चढतो ठेवा. आणि बाविसाव्या सेकंदाला काय लिहिलंय? मिक्समध्ये तिथे आम्ही खोलीचा सुनेपणाही खाली आणला असता. ती शांतता नुसती मोकळी सोडू नका. ज्याला ऐकू येत नाही त्याला बोलणं चालू आहे की संपलं हे कसं कळणार?

मथळेवाली

तिथे काहीच नव्हतं. मागची ओळ नुसती पुसली जात होती. आत्ता घातलं: [बोलणं थांबतं].

त्या गृहस्थांना नवा मसुदा पाठवला होता, त्यांचं उत्तर आलंय. लपवालपवीबद्दल अवाक्षर नाही. त्यांनी विचारलंय, "थांबल्यावर दाराखालचा उजेड गेला का? मला तो दिसला नाही." मी परत जाऊन पाहिलं. बोलणं थांबल्यावर बरोबर दीड सेकंदाने दाराखालची उजेडाची रेघ विझते, आणि माझी नवी ओळ नेमकी तिच्यावर बसली होती. ती वर सरकवलीय.